पावसाच्या दोन्ही बाजू: न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरून गाडीने

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नकाशा पसरला की सदर्न आल्प्सची साधारण पाचशे किलोमीटर लांब रांग सगळ्यात आधी नजरेत भरते. ही रांग बेटाच्या मधोमध नाही, पश्चिम किनाऱ्याच्या अगदी जवळून गेलेली आहे. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अगं, हा तर आपला सह्याद्रीच की! पश्चिमेला समुद्र, चिंचोळी पट्टी, उभे डोंगर आणि पलीकडे कोरडा देश. महाबळेश्वरहून वाईला उतरलं की कसा पाऊस गळून जातो, तसंच असणार इथे." त्या एका वाक्यावर आमचा रस्ता ठरला. ख्राइस्टचर्चहून निघायचं, पूर्वेच्या कोरड्या बाजूने दक्षिणेला जायचं, हास्ट पासमधून डोंगर ओलांडून पश्चिमेला उतरायचं, किनाऱ्याने वर यायचं आणि आर्थर्स पासमधून पुन्हा डोंगर ओलांडून ख्राइस्टचर्चला परतायचं. मी, नवरा आणि बाबा. महिना डिसेंबर, म्हणजे तिथला उन्हाळा.

जाणाऱ्यांसाठी आधीच दोन-तीन गोष्टी. तिथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात आणि आपला इंग्रजीतला वाहन परवाना चालतो. विमानतळावर मात्र खाण्याचं जे काही बरोबर असेल ते सगळं जाहीर करायचं, अगदी मसाल्याची पुडीसुद्धा. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो. ट्रेकिंगचे बूट असतील तर तेही सांगायचे. आमचे बूट अधिकारी बाई आत घेऊन गेल्या आणि तळवे स्वच्छ धुऊन परत आणून दिले! बाहेरची माती आणि बी देशात येऊ द्यायचं नाही, इतकी त्यांची काळजी असते. पुढे टेकापोच्या काठावर ही काळजी का, ते कळलं.

ख्राइस्टचर्च ते टेकापो

सुरुवातीला कँटरबरीचं सपाट मैदान. शेतांच्या कडेने पाइन आणि मॅक्रोकार्पाची उंच झाडं एका ओळीत लावून वरून सरळ छाटलेली. ही सगळी सोय वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी. त्या वाऱ्याची आणि आमची भेट शेवटच्या दिवशी व्हायची होती.

जेराल्डीनला चहा घेतला. बर्क्स पासचा घाट चढून पलीकडे उतरलो आणि हिरवा रंग संपलाच. समोर मॅकेंझी खोरं, गुडघाभर उंचीचं पिवळं तुसॉक गवत, उघडे डोंगर आणि त्यांच्यामागे बर्फ. एवढ्या उघड्या माळावर टेकापो तलावाचं पाणी दिसतं तेव्हा तो रंग खराच वाटत नाही. दुधात निळं कालवल्यासारखं दाट, अपारदर्शक पाणी. हिमनद्या सरकताना खालचा खडक घासतात, त्याची पिठासारखी बारीक पूड पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यावरून उजेड असा परततो. बाबांनी बाटलीत पाणी घेऊन उन्हासमोर धरलं, पण बाटलीत ते जवळपास साधंच दिसत होतं. तो रंग दिसायला एवढा मोठा तलावच लागतो.

काठावरचं दगडी चर्च 1935 सालचं, छोटंसं. त्याच्या आसपास लुपिनची जांभळी-गुलाबी फुलं कमरेइतकी वाढलेली. सगळे पर्यटक त्या फुलांत उभे राहून फोटो काढत होते, आम्हीही काढले. मग तिथे फिरायला आलेल्या एका स्थानिक आजींनी आम्हाला नदीच्या पात्राकडे बोट दाखवून समजावलं. ही झाडं बाहेरून आलेली. इथल्या नद्या एका धारेने वाहत नाहीत. रुंद गोट्यांच्या पात्रात पाच-दहा धारा फुटतात, पुन्हा मिळतात. काकी नावाचा काळा, लांब लाल पायांचा पक्षी त्या उघड्या गोट्यांवर अंडी घालतो. लुपिन तिथे पसरलं की गोटे झाकले जातात आणि मांजरं आणि स्टोट (मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी) यांना लपून शिकार करायला आडोसा मिळतो. काकी हा जगातल्या अतिदुर्मिळ पाणपक्ष्यांपैकी एक. आजी म्हणाल्या, "फुलं सुंदर आहेत, मलाही आवडतात. फक्त बी बुटाला चिकटून पुढच्या नदीवर जाऊ देऊ नका." आम्ही गाडीत बसण्याआधी बूट झटकले.

रात्री झोपायची घाई करू नका. हा सगळा भाग 2012 पासून आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह' आहे, गावातले दिवेसुद्धा झाकलेले आणि जमिनीकडे तोंड केलेले. उन्हाळ्यात पुरता काळोख व्हायला अकरा वाजून जातात. आम्ही थर्मासमध्ये चहा भरून काठावर बसलो. बाबा लहानपणापासून नक्षत्रं ओळखणारे, आणि तेच आधी गोंधळले. मृग नक्षत्र उत्तरेच्या आकाशात डोकं खाली, पाय वर असं उलटं! व्याध त्याच्या वर. आपल्याकडे दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा अगस्ती इथे एवढा उंच चढलेला की मान मागे टाकावी लागत होती. आणि मॅगेलनचे दोन मेघ, म्हणजे दोन छोट्या दीर्घिका, विरलेल्या ढगांच्या तुकड्यांसारखे नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. "सत्तर वर्षांत पहिल्यांदा पाहिले," बाबा म्हणाले आणि बराच वेळ मान खाली घेतली नाही.

टेकापो ते आओराकी/माउंट कुक

मुख्य रस्ता सोडून आम्ही कालव्याच्या कडेने निघालो, कारण बाबांना कालवे पाहायचे होते. टेकापो, पुकाकी आणि ओहाऊ हे तलाव कालव्यांनी जोडून त्यांच्या पाण्यावर वीज तयार केली जाते. त्याच वाहत्या थंड पाण्यात सामन माशांची पैदास होते. पुकाकीच्या काठावरच्या दुकानात नवऱ्याने कच्च्या सामनचे गार, जाड काप घेतले आणि बाहेर बाकावर तलावाकडे तोंड करून खाल्ले. तो म्हणतो, संपूर्ण प्रवासातलं ते सर्वांत चांगलं खाणं. बाबा आणि मी शाकाहारी. आम्ही सकाळीच ब्रेड, चीज आणि टोमॅटो बांधून घेतले होते. हा सल्ला शाकाहारी मंडळींनी जरूर घ्यावा. इथून पुढे गावं लहान आहेत, सुपरमार्केट दिसेल तिथे भरून घ्यावं. मोटेलच्या खोल्यांत बहुतेक वेळा शेगडी आणि भांडी असतात.

पुकाकीच्या कडेने जाणारा पंचावन्न किलोमीटरचा रस्ता थेट माउंट कुकच्या पायथ्याशी जाऊन संपतो. समोर शिखर, डाव्या हाताला कडे, उजवीकडे तलाव. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या कथेत आओराकी हा आकाशपित्याचा मुलगा. तो भावांबरोबर होडीतून आला, होडी खडकावर अडकून कलंडली, भाऊ उंच बाजूला चढून बसले आणि तिथेच त्यांचे दगड झाले. होडीचं हे बेट झालं, सगळ्यात उंच भावाचं हे शिखर. 3724 मीटर. 1991 साली माथ्यावरचा खडक आणि बर्फ कोसळून ते खुजं झालं, तरीही देशात सगळ्यात उंच तेच. हिलरींनी एव्हरेस्टच्या आधी इथेच गिर्यारोहणाचे धडे गिरवले. गावात त्यांचा पुतळा याच शिखराकडे पाहत उभा आहे.

आम्ही टास्मन हिमनदीच्या बाजूची छोटी पायवाट घेतली. बाबांच्या गुडघ्यांना झेपेल अशी, तासाभरात जाऊन-येऊन होते, फक्त शेवटी पायऱ्या बऱ्याच आहेत. वाटेत 'ब्लू लेक्स' नावाची तळी लागतात आणि ती चक्क हिरवी आहेत. पूर्वी त्यांत हिमनदीचं पाणी झिरपायचं. हिमनदी आटत खाली गेली, पाणी तुटलं, आता पावसाच्या पाण्यावर शेवाळ वाढतं. वरच्या टेकाडावर पोहोचलो तर खाली राखाडी रंगाचं प्रचंड तळं आणि त्यात तरंगणारे हिमखंड. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे हे तळं नव्हतंच, सगळा बर्फ होता. बाबा माझ्यापेक्षा जास्त वेळ तिथे उभे राहिले. "मी नोकरीला लागलो तेव्हा हे धरण भरायला लागलं म्हणायचं," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी वारा सुटला. शिखरांच्या मागून, पश्चिमेकडून, ढगांची जाड कड वर आली आणि धारेवरून अलीकडे सांडू लागली. पण आमच्या बाजूला उतरता उतरता ती विरघळत होती. आमच्या डोक्यावर निळं आकाश होतं. पलीकडे त्या वेळी काय चाललं असेल, ते ओळखणं अवघड नव्हतं.

लिंडिस पास, वानाका

हा दिवस गाडीत गेला, पण छान गेला. लिंडिस पास 971 मीटर उंच आणि तिथे एकही झाड नाही. नुसत्या गवताच्या घड्या घातल्यासारख्या डोंगरांवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. उतरल्यावर रस्त्याकडेला टपरीवर चेरी. माणूस कुणी नाही, पैशाची पेटी आणि पिशव्या ठेवलेल्या. टपोऱ्या, जवळजवळ काळ्या, उन्हाने कोमट झालेल्या चेरी. वानाकाला पोहोचेपर्यंत पिशवी रिकामी झाली.

वानाकाच्या पाण्यातलं ते प्रसिद्ध एकटं झाड म्हणजे कुंपणाच्या खांबाला फुटलेला विलो. 2020 मध्ये कुणीतरी त्याच्या खालच्या फांद्या करवतीने कापल्या होत्या. गर्दी नको असेल तर सूर्योदयाला जावं. पण खरं सांगायचं तर तलावाच्या काठाने नुसतं चालत राहणं जास्त आनंदाचं होतं.

हास्ट पास: ओल्या बाजूला

वानाकाहून निघताना टाकी पूर्ण भरा. हास्टपर्यंत जवळजवळ दीडशे किलोमीटर आहे आणि मोबाइलला बराच वेळ रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

वानाका आणि हावेया तलावांच्या कडेने ऊन होतं. माकारोराला बीच वृक्षांचं जंगल सुरू झालं आणि काचेवर पहिले थेंब पडले. हास्ट पास फक्त 562 मीटर उंच, पण पलीकडे उतरायला लागलो आणि आमच्या आजूबाजूचं सगळं बदललं. झाडांच्या खोडांना हातभर शेवाळ, फांद्यांवरून लोंबणारी दगडफुलं, नेच्यांची पानं छत्रीएवढी. प्रत्येक वळणावर कड्यावरून पाणी. थंडर क्रीक धबधबा 28 मीटरचा, रस्त्यापासून पाच मिनिटांवर. त्याच्या तुषारांनी आणि पावसाने आम्ही सारखेच भिजलो.

मध्ये रात्री पडलेली दरड काढायचं काम चालू होतं. पिवळ्या रेनकोटातली एक तरुणी 'थांबा'ची पाटी धरून उभी. अर्धा तास थांबायचं होतं, म्हणून बाबांनी खिडकी उघडून तिला विचारलं, पाऊस कधीपासून आहे? ती हसली. "हा? हा पाऊस नाही. पाऊस उद्या आहे." हा रस्ता डोंगर सरकतो, पुन्हा मोकळा करतात, पुन्हा सरकतो असाच चालतो, आणि त्यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. तिने आम्हाला तिच्याजवळची आल्याची बिस्किटं दिली. बाबांनी तिला शेंगदाण्याची चिक्की दिली, तिथल्याच दुकानात घेतलेली.

एकेरी पुलांबद्दल इथेच सांगते. दक्षिण बेटावर ते जागोजागी आहेत. गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं. हास्ट नदीवरचा पूल सातशे मीटरहून लांब आणि एकेरी, मध्ये बाजूला घेण्यापुरत्या जागा केल्या आहेत. मागे गाड्यांची रांग लागली तर मोकळी जागा बघून कडेला घ्या आणि जाऊ द्या. लोक हात दाखवून आभार मानतात.

शिप क्रीकला लाकडी वाटेवरून दलदलीतल्या काहिकातेआच्या जंगलात शिरलो. ही झाडं डायनासोरच्या काळापासूनच्या कुळातली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, इतकं स्थिर की वर-खाली कळेना. पन्नास पावलांवर समुद्र गरजत होता. 1855 साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फुटलेल्या एका जहाजाचा तुकडा टास्मन समुद्र ओलांडून इथे लागला, म्हणून हे नाव. सँडफ्लाय नावाच्या माश्या मात्र इथून पिच्छा पुरवतात. मिरीएवढ्या, आवाज न करता चावणाऱ्या, आणि खाज आठवडाभर. लांब बाह्या, लांब पँट, मोजे आणि मलम हवंच. चालत राहिलं तर कमी चावतात.

पुढे नाइट्स पॉइंट. वानाकाकडचा रस्ता आणि पश्चिम किनाऱ्याचा रस्ता जोडला गेला तो 1965 मध्ये. ती जागा ओळखली जाते रस्त्याची आखणी करणाऱ्या एका सर्व्हेअरच्या कुत्र्याच्या नावाने. आयुष्यभर आखणी आणि मोजणी केलेल्या बाबांना हे फार आवडलं. तिथल्या फलकासमोर त्यांनी मुद्दाम फोटो काढून घेतला.

फॉक्स ग्लेशियर: पाऊस मोजणारं घर

खरोखरच पाऊस दुसऱ्या दिवशी आला. दिवसभर छपरावर एकसुरात आदळत राहिला. हेलिकॉप्टर फेऱ्या बंद. फॉक्स हिमनदीच्या दरीतला जुना रस्ता 2019 च्या दरडींनी कायमचा गेला आहे, त्यामुळे पायथ्याशी जाण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही खोलीत मुगाची खिचडी केली. वास बाहेर गेला असावा, घरमालकीण डोकावल्या. त्यांना वाटीभर दिली. बदल्यात त्यांनी व्हाइटबेटचं ऑम्लेट आणलं. पारदर्शक, काडीएवढे छोटे मासे अंड्यात घालून तव्यावर परतलेले. मोसम ऑक्टोबरअखेरीला संपतो, हे फ्रीझरमधले होते. नवरा खुश.

बाबांनी त्यांना अंगणातल्या पर्जन्यमापकाबद्दल विचारलं आणि पुढचे दोन तास मी दोघांच्या मध्ये दुभाषी. त्या उठून एक जाडजूड वही घेऊन आल्या. रोज सकाळची नोंद, पेन्सिलीने, त्यांच्या सासूबाईंनी सुरू केलेली. महिन्याची बेरीज मिलिमीटरमध्ये, वर्षाची मात्र मीटरमध्ये! "यंदा पाच मीटरला पोहोचू," त्या म्हणाल्या. बाबांनी टेकापोचा आकडा विचारून घेतला होता: वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आणि मध्ये हवाई अंतर जेमतेम सत्तर किलोमीटर. होकिटिकाच्या मागच्या डोंगरात क्रॉप नदीवर तर सरासरी साडेअकरा हजार मिलिमीटर पाऊस मोजला जातो. बाबा ते वाक्य स्वतःशीच दोनदा म्हणाले. मग वहीच्या त्या पानावर त्यांनी मालकीणबाईंच्या परवानगीने कालची नोंद स्वतःच्या हाताने लिहिली.

पहाटे शांतता होती. मॅथेसन तलावावर गेलो, पाऊण तासात पलीकडच्या टोकाला. पाणी काळपट, आणि त्यात उलटी उमटलेली माउंट टास्मन आणि माउंट कुक ही दोन शिखरं. परवा हेच शिखर गवताच्या माळावरून पाहिलं होतं, आज नेच्यांमधून पाहत होतो. साडेआठला वारा आला आणि प्रतिबिंब मोडलं, तेव्हा सहालाच पोहोचा.

होकिटिका ते आर्थर्स पास ते मैदान

होकिटिकाला हिरव्या पौनामू दगडाचं काम पाहिलं. दगड पाण्यात भिजवून, उजेडासमोर धरून, रेषा कुठे जाते ते पाहत कारागीर आकार ठरवतो. माओरी रीतीनुसार पौनामू स्वतःसाठी घेण्यापेक्षा दुसऱ्याने द्यावा, असं दुकानातल्या काकांनी सांगितलं. तेव्हा मी बाबांसाठी घेतला आणि बाबांनी माझ्यासाठी.

ओटिराच्या दरीत पुन्हा मुसळधार. 1999 मध्ये बांधलेला 440 मीटरचा उंच पूल ढगात शिरत होता. वर विश्रांतीच्या जागेवर केआ पोपट पावसातही हजर. डोंगराळ बर्फाळ भागात राहणारा जगातला हा एकमेव पोपट. एक आमच्या छतावर उतरला, चालत पुढे आला आणि वायपरचं रबर चोचीने पद्धतशीर ओढायला लागला. दोन पावलं मागे घेऊन कोन बदलला, पुन्हा ओढलं. पंख उघडले तर आतून शेंदरी. त्यांना काही खायला घालू नका. माणसांच्या आणि गाड्यांच्या जवळ यायची सवय लागून हे पक्षी मरतात. गाडीच्या खिडक्या बंद ठेवा.

आर्थर्स पास 920 मीटर. ओटिराला गाडीतल्या काट्यावर 12 अंश. माथा ओलांडला, पंधरा-वीस किलोमीटर गेलो, पाऊस पातळ झाला आणि थांबला. कॅसल हिलच्या चुनखडीच्या अवाढव्य शिळांपाशी ऊन. पोर्टर्स पास उतरून मैदानावर आलो तेव्हा काट्यावर 29. गाडीचं दार उघडलं तर गरम, कोरडा वारा दार हातातून ओढून नेत होता. हाच तो वायव्येचा वारा. समुद्रावरून ओला येतो, डोंगर चढताना थंड होतो, सगळं पाणी पश्चिमेला टाकतो. वाफेचं पाणी होताना बाहेर पडलेली उष्णता हवेतच राहते, म्हणून पलीकडे उतरताना ती हवा होती त्याहून गरम होते. डोंगरांवर ढगांची लांब कमान आणि तिच्याखाली निळ्या आकाशाची पट्टी, अगदी पुस्तकात काढतात तशी.

शेफिल्डला 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) घेतले. भाजीचेही मिळतात. दुकानाबाहेर एक शेतकरी भेटले. त्यांच्या शेतात मोठमोठे फिरते तुषार सिंचनाचे हात चालू होते. बाबांनी विचारलं, एवढ्या कोरड्या वाऱ्यात पाणी कुठून? त्यांनी डोंगरांकडे बोट दाखवलं. पश्चिमेचा पाऊस वाऱ्याने माथ्याच्या थोडा अलीकडेही सांडतो, तिथून वायमाकारिरी आणि राकाया नद्या उगम पावतात. वायव्येचा वारा मैदान वाळवतो, पण त्याच वाऱ्याने नद्यांना पूर येतात. बाबा खाली बसून मातीत काडीने छेद काढायला लागले आणि शेतकरीबुवा त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. हातातले 'पाय' गार झाले.

शेवटचं सांगणं नियोजनाचं. पश्चिम किनाऱ्यावर एकच रात्र ठेवून लोक पाऊस पाहून पुढे निघतात, शिखरं न पाहता. तिथे किमान दोन रात्री ठेवा, रद्द करता येतील अशा खोल्या घ्या आणि पहिला दिवस पावसाचाच धरा. शक्य असेल तर कोरड्या बाजूने सुरुवात करा. वायव्येचा जोर असेल त्या दिवशी आर्थर्स पासमधून परत या, पण निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते सकाळी तपासा. दारं दोन्ही हातांनी धरून उघडा. त्या वाऱ्यात भाड्याच्या गाडीचं दार वाकतं आणि अनेक विमा योजनांमध्ये त्याची भरपाई धरलेली नसते.